बिरूआबांच्या जीपचा ट्रॅकर

वायरिंगच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात. वायरचे तुकडे आणि किस्से! तुकडे अधूनमधून भंगारवाला घेऊन जातो, किस्से कुणी नेत नाही. मग कुणी चहाला टेकलं की मी ते काढत बसतो. ऐकायचे तर ऐका, नाहीतर नुसता चहा प्या.

माझं दुकान शिरूरला, मार्केट यार्डाच्या रस्त्यावर. गाड्यांचं वायरिंग, टेप, हॉर्न, सेंट्रल लॉक असली कामं. दोन हजार सात-आठच्या सुमारास हायवेवरनं गाड्या चोरीला जायला लागल्या आणि पुण्याच्या एका डीलरनं माझ्या गळ्यात जीपीएस ट्रॅकर मारले. काडेपेटीहून जराशी मोठी डबी. आत मोबाइलचं सिम घालायचं, बॅटरीची वायर जोडायची आणि डबी डॅशबोर्डच्या पोटात लपवायची. सिमच्या नंबरला मेसेज केला की डबी उलट मेसेज करणार, गाडी कुठं आहे ते. पण गावाचं नाव नाही, नुसते आकडे, अक्षांश-रेखांश! ते आकडे माझ्या कॉम्प्युटरवर टाकले की नकाशावर ठिपका यायचा. म्हणजे ट्रॅकर गिऱ्हाइकाचा आणि डोकेदुखी माझी.

*

पहिलं गिऱ्हाईक मांडवगण फराट्याचे अण्णा. ऊसवाला माणूस, गाडी नवी कोरी. डबी ग्लोव्ह बॉक्सच्या मागं डाव्या अंगाला चिकटवली आणि अण्णांना बजावलं, "जागा फक्त तुम्हाला आणि मला माहीत. घरातसुद्धा बोलू नका."

अण्णा म्हणाले, "माझ्या पोटातनं गोष्ट भाईर पडत न्हाई!"

आठवड्याभरात त्यांच्याच गावचा दुसरा एक माणूस आला. "ग्लोव्ह बॉक्सच्या मागं, डाव्या अंगाला, अण्णांच्या गाडीत बसवलीय तशी मला बी बसवा!"

मी अण्णांना फोन लावला. अण्णा उलट माझ्यावरच भडकले. "मी काय चोराला सांगितलंय व्हय? गावातल्या मानसांना सांगितलंय!"

पुढं दसरा आला. दसऱ्यानंतर अण्णा गाडी घेऊन दुकानात, ट्रॅकर बंद पडलाय म्हणून. पॅनल काढून बघतो तर डबीला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल आणि वायरीत तांदळाचे दाणे. अण्णांनी पान्यानं पॅनल खोलून डबीची पूजा केली होती. मी नुसता बघत राहिलो.

"बघतोस काय? गाडीची पूजा करायची आन् तिच्या राखणदाराला तसंच ठेवायचं?"

*

आता बिरूआबा. म्हातारा न्हावऱ्याकडचा. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाआधी परतायचे. मुलगा एकच, सुभाष. त्यानं मेंढरं विकली आणि वडापची, म्हणजे माणसं भरून न्यायची, जीप घेतली, शिरूर ते चौफुला. त्या दिवसापासून आबांनी पोराशी बोलणं टाकलं. सुभाषची आई आधीच गेलेली. घरात दोघंच, आणि दोघांत अबोला!

आमच्याकडं अबोल्याचीही रीत असते. एका घरात राहायचं म्हणजे बोलावं तर लागतंच. फक्त नाव घ्यायचं नाही आणि तोंडाकडं बघायचं नाही. 'कुणाला जेवायचं असंल तर ताट वाढलंय,' असं भिंतीला सांगायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

तर दोघं माझ्या दुकानात एकाच जीपमधून आले. सुभाष स्टेअरिंगवर आणि आबा सगळ्यात मागच्या बाकड्यावर. अख्खी जीप मोकळी!

"वायरमन, ती डबी दाव. हल्ली जिपा लई चोरीला जात्यात," आबा म्हणाले.

मी दोन ठेवल्या पुढ्यात. एक साधी. दुसरीला माइक होता, म्हणजे डबीच्या नंबरला फोन लावला की गाडीत रिंग न वाजता आतलं बोलणं आपल्याला ऐकू येणार.

सुभाष दारात उभा राहून रस्त्याला म्हणाला, "कुणाला सांगा, साधी बास हाय. गाडीतलं बोलणं ऐकून काय लोणचं घालायचंय?"

आबा माझ्या पान्यांच्या बोर्डाला म्हणाले, "कुणी जीप घेतली म्हंजी कुणी लई शाना झाला न्हाई. माइकवालीच बसव!"

मध्ये मी. एकदा रस्त्याकडं बघतोय, एकदा पान्यांकडं.

सुभाष चहा सांगायला गेला तसे आबा माझ्याजवळ सरकले. "चोराचं काय घिऊन बसलास? जीप गेली तर गेली. पोरगं दिसभर रोडला असतं. रोज कायतरी कानावर येतं, ह्याचा अपघात, त्याचा अपघात. सांजच्याला त्यो येईस्तवर घशाखाली घास उतरत न्हाई बघ."

"मग बोला की त्याच्याशी!"

"त्यो मेंढरं इकताना माझ्याशी बोलला व्हता का?"

मी माइकवाली बसवली.

*

मध्येच अण्णांचा आणखी एक सांगतो. त्यांच्या सिममधला बॅलन्स सारखा संपायला लागला. गाडी घरासमोर उभी आणि बॅलन्स साफ! अण्णांना वाटलं मीच खातोय. शोध लावला तेव्हा कळलं, त्या डबीला आलेल्या प्रत्येक मेसेजला उत्तर द्यायची खोड होती. मोबाइल कंपनी जाहिरात पाठवायची, 'अमुक कॉलर ट्यून हवी का?' डबी इमानदारीत आकड्यांत उत्तर द्यायची, म्हणजे 'गाडी मांडवगणला आहे.' कंपनी पुन्हा विचारायची, 'आजचं भविष्य हवं का?' 'गाडी मांडवगणला आहे.' दिवसभर दोघांच्या गप्पा!

अण्णांना हे सगळं समजावलं. तर म्हणाले, "आमच्या घरी पाव्हना आला तर एवढी इचारपूस हुईत न्हाई!"

*

उन्हाळ्यात एक दिवस बिरूआबा दुकानात घाईघाईनं आले. मेसेज करायचं एकच बटण मी त्यांना शिकवून ठेवलं होतं. उत्तर आलं की आबा मोबाइल घेऊन थेट माझ्याकडं. आकडे टाकले. नकाशावर ठिपका आला तो घोड धरणाच्या मधोमध. चहूकडं निळंशार पाणी!

आबांना वाचता येत नव्हतं, पण निळा रंग त्यांना बरोबर कळला. मटकन स्टुलावर बसले.

"त्याला पवता येत न्हाई रं," एवढंच बोलले.

मी म्हटलं, "आबा, फोन लावा त्याला आधी!"

"तू लाव."

मलाही जरा धाकधूक होती. लावला. रिंग वाजली, उचलला.

"सुभाष, कुठायस?"

"धरणात!"

"काय?"

"आरं धरणात, गाळपेरात. कलिंगडं तोडायला बाया आणल्यात. पायजे का तुला एखादं?"

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं. उघड्या पडलेल्या गाळात लोक कलिंगडं लावतात. नकाशा करणारा बहुतेक पावसाळ्यात येऊन गेला असावा! मी आबांना सांगितलं, सुखरूप आहे, कोरड्यात आहे. आबांनी फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं.

"इचार, पाणी किती लांब हाय."

विचारलं. लांब होतं.

"आन् कलिंगड आन म्हनावं. माझं नाव सांगू नकोस."

*

माइकचा उपयोग मात्र आबांनी पुरेपूर केला. बाजारच्या दिवशी दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे आणि जीपला फोन लावायचे. मी स्पीकर चालू करून द्यायचो. आतून इंजिनची घरघर, बायकांची जागेवरनं भांडणं, कुणाच्या तरी पिशवीतला कोंबडा. आबा पोवाडा ऐकावा तसे तल्लीन होऊन ऐकायचे.

एकदा जीप रिकामी असावी. बराच वेळ नुसतं इंजिन. मग सुभाषचा आवाज आला, "कुणाला काळजी वाटत असंल तर, पारगावचा पूल वलांडला. चहा झाला. टायर नवीन टाकलेत."

मी उडालोच. "आबा, तुमच्याशी बोलतोय तो!"

"नाव घेतलं का माझं? न्हाई ना? मग!"

पण चेहरा फुलला होता म्हाताऱ्याचा. फोन तोंडाजवळ धरून ते कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "कुणाला म्हनावं, केडगावाजवळ रस्ता उकरलाय. दमानं घ्यावं."

तिकडं काहीच गेलं नाही. माइक एकाच बाजूचा. आबा हिरमुसले.

"आपलं बोलणं तिकडं जायाची सोय न्हाई का काय?"

"आहे की आबा! तिला मोबाइल म्हणतात. एक सुभाषच्या खिशात आहे, एक तुमच्या हातात आहे."

"छ्या! तसं केलं म्हंजी बोलल्यासारखं व्हतंय."

त्या डबीला स्पीकर जोडायची जागा होती, ती मी कधी वापरली नव्हती. पुढच्या खेपेला सुभाष हेडलाइटच्या कामाला आला तेव्हा डॅशबोर्ड खोलला आणि डबीला जोडायला छोटा स्पीकर काढला.

"ह्यो कशाला?" सुभाषनं विचारलं.

"कुणीतरी सांगितलंय," मी म्हणालो.

सुभाष काम होईपर्यंत माझ्यासाठी बॅटरी धरून उभा राहिला, आणि जाताना म्हणाला, "आवाज जरा मोठा ठेव. म्हाताऱ्याचा आवाज खोल गेलाय."

*

पावसाळ्याच्या तोंडाला मला दौंडला सामान आणायला जायचं होतं. चौफुल्यापर्यंत सुभाषच्या जीपमध्ये बसलो. वडाप म्हणजे जीप गच्च भरलेली. पुढच्या सीटवर सुभाष, मी आणि मांडीवर फुलांची पाटी घेतलेली एक मावशी. न्हावरं मागं पडलं आणि एकदम डॅशबोर्ड बोलला.

"कुणी जेवलं का?"

मावशीनं पाटी छातीशी धरली. "आगं बया! गाडीत कोन हाय?" मागच्या बाकड्यावरचा एक जण तर उतरायलाच निघाला, चालत्या जीपमधून!

सुभाष समोर बघत शांतपणे म्हणाला, "कुणाला सांगा, जेवलो. पिठलं-भाकरी. कुणाच्या गुडघ्याचं काय?"

"कुणाचा गुडघा बरा हाय. कुणी यताना तंबाखू आनावी."

"डाक्टरांनी कुणाला तंबाखू बंद केलीया!"

डॅशबोर्ड खाकरला.

"कुणी लई शानपना करू नये," डॅशबोर्ड म्हणाला. "इकडं आभाळ भरून आलंय. पूल निसारडा असतुया. दमानं. कुणीतरी जेवायचं थांबलंय."

"कुणी थांबू नये. कुणाला गोळी असती जेवल्यावर."

"कुणी थांबनार!"

खट्. फोन बंद झाला.

मावशीनं आधी डॅशबोर्डकडं बघितलं, मग वाकून त्याच्या खालीही बघितलं.

"कोन रं ह्यो?"

"माझा बाप."

"आन् तुझ्या खिशात ह्यो मोबाइल दिसतोय की! सरळ ह्याच्यावर का बोलत न्हाईस त्याच्याशी?"

सुभाषनं गिअर बदलला.

"मावशी, आमचं बोलणं बंद हाय!"