लोवेलच्या विमानाचा चौथा पाटा

लोवेल टियाडेन खोटं बोलू शकतो हे मला एका शनिवारी कळलं, आणि तेही तुटलेल्या पोलादाच्या तुकड्यावरून.

मी ट्वायला. ओस्टरगार्डच्या शेतात गवताची धावपट्टी आहे, तिच्या कडेला पत्र्याचे हँगर आहेत, त्यातला लोवेलच्या समोरचा माझा. मक्यावर औषध फवारणाऱ्या विमानांची इंजिनं उघडण्यात माझं उभं आयुष्य गेलं. माझी जीभ तिखट आहे म्हणतात. असू दे. गोड बोलून गंजलेला बोल्ट सुटलेला मी तरी बघितला नाही.

लोवेलचं माझ्या उलट. बोलायचाच मोजकं. ट्रॅक्टरच्या कारखान्यात पोलादाला पाणी द्यायच्या खात्यात नोकरी, रविवारी चर्च, उरलेला सगळा वेळ गॅरेजात. तिथे त्याने नकाशे मागवून स्वतःच्या हाताने विमान बांधलं. पिवळं, दोन माणसांनी शेजारी शेजारी बसायचं. सांगाड्याच्या नळ्या त्याने जोडल्या, पंखांवरचं कापड त्याच्या बायकोने, मार्लिसने, टाके घालून शिवलं. पोरं शाळेत होती तेव्हा कामाला सुरुवात झाली आणि ती पोरं नोकरीला लागली तेव्हा कुठे विमान गॅरेजाबाहेर आलं. मधल्या काळात अख्खं गाव त्याला विचारायचं, "काय लोवेल, उडणार कधी हे?" तो म्हणायचा, "वाळलं की." काय वाळायचंय ते त्याने कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यातल्या दर शनिवारी नवराबायको त्यात बसून कुठल्यातरी गावच्या धावपट्टीवर पॅनकेक खायला जायची. आयोवातले आम्ही सगळे विमानवाले हेच करतो. तासभर उडायचं, पॅनकेक आणि सॉसेज हाणायचं, दुसऱ्याच्या विमानाला नावं ठेवायची आणि घरी यायचं.

त्या शनिवारी मी एका इंजिनात डोकं खुपसून बसले होते. बाहेर धाडकन आवाज झाला, मग गवतातून काहीतरी खरवडत गेल्याचा. पळत गेले तर पिवळं विमान पट्टीच्या मधोमध, शेपूट जमिनीला टेकलेलं आणि शेपटीचं चाक साखळीला लोंबत मागे पडलेलं. मार्लिस खाली उतरली. तिने पर्स घेतली, मला म्हणाली, "बरी आहेस ना ट्वायला?" आणि सरळ जाऊन गाडीत बसली. बरी आहेस ना, हे खरं तर मी तिला विचारायचं.

"पाटा गेला," लोवेल म्हणाला. "जुना झाला होता. आतून गंजला असणार."

शेपटीचं चाक ज्या पोलादी पट्ट्यांवर तोललेलं असतं ते आमचे पाटे. एकावर एक तीन, ट्रकला असतात तसेच, फक्त हातभर लांबीचे. मी तुटका तुकडा उचलला. पाटा जुना होऊन तुटतो तेव्हा आधी बारीक चीर पडते, चिरेत पाणी जातं, गंज धरतो. तुटलेलं तोंड अर्धं तांबूस दिसतं. हे तोंड या कडेपासून त्या कडेपर्यंत चकचकीत होतं, खडीसाखर फोडल्यासारखं. एका दणक्यात तुटलेलं. विमान उंचावरून आपटलं होतं, दुसरं काही नाही. हे मला कळतं, आणि ज्याने जन्मभर पोलादाला पाणी दिलं त्याला माझ्याहून जास्त कळतं.

"लोवेल, गंज कुठाय यात?"

त्याने तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि न बघताच खिशात टाकला. "असेल कुठेतरी."

ते न बघणं मला खटकलं. मग एकेक आठवायला लागलं. हल्ली तो माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचा. कॉफीचा कप ठेवताना आधी टेबलाची कड चाचपायचा. मी म्हणायचे, वय झालं. आमच्या या छोट्या विमानांना डॉक्टरचा दाखला लागत नाही, गाडीचं लायसन्स असलं की भागतं. त्यामुळे विचारणारं कोणी नाही. आणि अशा विमानाचं नाक उतरताना वर असतं, समोरचं काही दिसत नाही, जमीन किती खाली आहे ते माणसाने डोळ्यांनीच जोखायचं. तेच चुकायला लागलं असेल तर आज पाटा तुटला, पुढच्या खेपेला मार्लिसचा मणका तुटेल. कारण शेजारी ती बसते. मला धास्तीच बसली. या माणसाला आता विमान उतरवता येतं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि हे त्याला तोंडावर विचारायचं कसं ते सुचेना.

सोमवारी दुपारी कॉफीचा थर्मास घेऊन मी त्याच्या हँगरमध्ये गेले. पोलाद आणून, पट्ट्या कापून, वाकवून, पाणी देऊन हा मोकळा. व्हाइसमध्ये एक पट्टी धरून कानस चालली होती. टेबलावर आणखी तीन.

"चार कशाला?" मी विचारलं.

"एक जास्त घालतोय. आता किती का आपटेना, तुटायचा नाही."

माझं डोकंच फिरलं. घरी विमान बांधणाऱ्यांची ही खोडच आहे. दुखणं कुठलंही असो, औषध व्हाइसमध्ये धरून कानशीने घासायचं. "अरे शहाण्या, पाटा वाकायला असतो, आणि वेळ आली तर तुटायला असतो. तो वाकला नाही तर दणका सांगाड्याच्या नळीत जाणार. परवा चाक पडलं, मग शेपूट पडेल. मग काय, पाचवा पाटा घालशील?"

तो घासत राहिला.

"लोवेल, तू आपटलंस ना?"

"वारा होता."

"कसला वारा? वारा दाखवणारी ती नळकांडी पिशवी वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोंबत होती."

तो जरासा हसला. चौथी पट्टी त्याने टेबलाच्या कडेला सरकवली, पण टाकून दिली नाही. म्हणाला, "एखाद्या वेळी कोणाच्या हातून चूक होते, ट्वायला. त्यासाठी थोडं जादा ठेवावं माणसाने."

"कोणाच्या म्हणजे?"

तो उठून पाना शोधायला लागला. मी मनात म्हटलं, कबूल करायची लाज वाटतेय म्हाताऱ्याला.

मग दोघांनी मिळून काम केलं. शेपूट उचलून घोडीवर ठेवलं, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. सुकाणूकडे जाणाऱ्या साखळ्या सोडल्या, मागचा कंस सैल केला, पुढचा मुख्य बोल्ट काढला, तुटके पाटे ओढून बाहेर घेतले. मी बॅटरी मारून नळ्यांचा कोपरा न कोपरा बघितला, चीर नव्हती. देवाची कृपा. नवे तीन पाटे त्याने बसवले, नवा बोल्ट, नवे वायसर, नवा नट. पाट्यांच्या कडा अशा गोल केल्या होत्या की बोट फिरवत राहावं. नट लावताना त्याची मान भलतीकडेच होती. बोटांनी आटे शोधले आणि नट बसवला. ही बोटं बघून कोणीही म्हणालं असतं, या माणसाला काहीही झालेलं नाही. माझ्या मनातली शंका मात्र त्यानेच वाढली.

शेपूट खाली घेतलं, चाकाचा कल बघितला, बरोबर होता. एवढ्यात मार्लिस रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा घेऊन आली. तिने डबा उघडला, आम्हाला एकेक वडी दिली आणि नव्या पाट्याकडे बघत उभी राहिली. छान झालंय, असं म्हणाली नाही.

आमच्या धावपट्टीवर एक रीत आहे. स्वतःच्या विमानाचं काम केलं की दुसऱ्याला बोलवायचं. दुसऱ्याने सगळं हाताने चाचपून बघायचं. "चांगलं आहे" म्हणायचं नाही, ते कोणीही म्हणतं. एकच शब्द बोलायचा, "बसेन." आणि मग खरोखर शेजारी बसून पहिली फेरी मारायची. नाही म्हणायचं असेल तर पाना उचलून कुठे चुकलंय ते दाखवायचं.

"बसशील?" लोवेलने विचारलं.

पाना उचलून दाखवावं असं तिथे काही नव्हतं. काम चोख होतं. शंका होती ती माणसाबद्दल, आणि त्याला पाना लागत नाही. मी मार्लिसकडे बघितलं. ती डब्याचं झाकण लावत होती, लागलेलं झाकण पुन्हा लावत होती. म्हटलं, मीच बघते आता.

"बसेन," मी म्हणाले.

उडताना काही कळू नये इतकं सुरेख उडवलं त्याने. वर गेल्यावर मका, धान्याच्या टाक्या, नदीचं वळण, सगळीकडे त्याने विमान अलगद फिरवलं. मला वाटलं, ट्वायला, तू उगाच त्याच्या मागे लागलीस. मग आम्ही उतरायला वळलो. धावपट्टीच्या रेषेत तो नीट आला. आणि दुमजली घराएवढ्या उंचीवर असतानाच नाक वर घ्यायचा दांडा मागे ओढायला लागला. जमीन जणू पायाखाली आलीच. वेग मरत चालला. त्याने मान किंचित माझ्याकडे कलवली, कान माझ्या बाजूला केला आणि तसाच थांबला. कसली तरी वाट बघत. मला काही समजेना. विमान थरथरलं तशी मी इंजिनाला पूर्ण जोर दिला, माझ्या बाजूचा दांडा पकडला आणि विमान पुन्हा वर घेतलं. त्याच्या बाजूच्या दांड्यावर त्याचा हात नव्हताच. त्याने तो आधीच सोडून दिला होता.

दुसऱ्या फेरीला मी उतरवलं. पाटा वाकला आणि सरळ झाला, व्हायला हवा तसा. हँगरपुढे आणून इंजिन बंद केलं तेव्हा राग मस्तकात गेला होता.

"काय ऐकत होतास रे तू? मरायचं होतं का?"

तो पट्टा न सोडता बसून राहिला. मार्लिस गवतातून चालत आली आणि त्याच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली.

"तो माझी वाट बघत होता," ती म्हणाली. "मी सांगते त्याला, जमीन किती खाली आहे ते. घराएवढं, ट्रकएवढं, टेबलाएवढं, असं. मग तो उतरवतो. त्याच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. वाढत जाणार म्हणालेत डॉक्टर."

"आणि तू बसत होतीस त्याच्याबरोबर?"

"मी नसते बसले तर एकटा गेला असता."

मला ओरडायचं होतं, पण यावर काय ओरडणार? मी एवढंच विचारलं, "मग परवा काय झालं?"

उत्तर लोवेलने दिलं. "परवा तिला आठवलं नाही. ट्रकएवढं म्हणाली आणि पुढचं विसरली. होतं माणसाचं. म्हणून मी पाटा जुना झाला म्हणालो. गावात बभ्रा कशाला करायचा तिचा?"

मार्लिसने दाराची कड घट्ट धरली. "मी विसरले नव्हते, लोवेल."

"असू दे गं."

"असू दे काय. मी मुद्दाम गप्प बसले. किती वेळा सांगितलं तुला, आता बास कर. तू ऐकत नव्हतास. म्हटलं, एकदा आपटू दे, म्हणजे तुलाच कळेल. गाडीत बसून वाट बघत होते तू काही बोलशील म्हणून. घरी पोचेपर्यंत वाट बघितली. तू काय म्हणालास? सोमवारी पोलाद आणायला जातो."

आपल्या माणसाला शहाणं करायला ही बाई त्याच विमानात शेजारी बसून गप्प राहिली होती. तिला काय होऊ शकलं असतं हे तिला पक्कं माहीत होतं. तो आता काय काय बोलेल त्याची तयारी करूनच ती उभी होती. मीही.

लोवेलने तोंड तिच्याकडे वळवलं आणि तिला नीट बघता यावं म्हणून मान थोडी तिरकी केली. "तू विसरली नव्हतीस?"

"नाही."

"टेबलाएवढं म्हणायचंय, हे डोक्यात होतं तुझ्या?"

"होतं. ओठावर होतं."

"नक्की ना, मार्लिस?"

"नक्की."

त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मला वाटलं, आता फुटणार रागाने. पण खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, तो रडतोय. "मला वाटलं तुझ्या आईसारखं तुझंही विसरणं सुरू झालं," तो म्हणाला. "तीही अशीच बोलता बोलता मधेच थांबायची. दोन रात्री मी झोपलो नाही. म्हटलं, पुन्हा विसरलीस तर निदान विमान तरी टिकावं, तुला लागू नये. म्हणून तो चौथा पाटा."

मार्लिस त्याच्याकडे बघतच राहिली. राग आला असता तर तिने झेलला असता, त्यासाठी ती आली होती. याचं काय करायचं ते तिला सुचेना, आणि ती तिथेच, विमानाच्या चाकाशी, गवतात मटकन खाली बसली.

"चला, बरं झालं," लोवेल डोळे पुसत म्हणाला. "विमान काय, ट्वायला चालवेल."