पडद्याच्या उलट्या बाजूने पाहिलेली जत्रा

आई जाऊन दोन महिने झाले. समाचाराला येणारे सांगतात, बाई फार सोशिक होती. पिंपरीच्या कॉलनीत अर्धं आयुष्य भिंतीला भिंत लावून काढलेली ही माणसं, आणि त्यांना तिची ओळख एवढीच. मी चहा देते.

बाबा छातीत कळ येऊन गेले, त्या वर्षी मी कॉलेजात होते. सव्वीस जानेवारीला कंपनी कॉलनीच्या मैदानात सिनेमा दाखवायची. आधी एक कार्टून, मग मोठा सिनेमा. मोठ्या सिनेमाचं आईला काही नसे. कार्टूनला मात्र ती आणि बाबा शेवटच्या रांगेत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसत. त्या वर्षीही तिला जायचं होतं. तसं म्हणताच शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, वर्ष तरी होऊ द्या. लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे त्या स्वतःच.

त्या गेल्यावर आईने शाल घेतली. "चल, मागनं बघू."

पडदा म्हणजे दोन बांबूंना ताणलेलं पांढरं कापड. चित्र मागूनही दिसे, फक्त डाव्याचं उजवं होई. आम्ही कापडामागे गवतात बसलो.

पलीकडे कंपनीच्या वेल्फेअर खात्याच्या साहेबांनी माइक हातात घेतला. बाबांसाठी दोन मिनिटं शांतता जाहीर करून ती एका मिनिटात उरकली. मग भरल्या आवाजात म्हणाले, "दुःखामुळे त्यांचं कुटुंब आज येऊ शकलं नाही." कुणाला विचारलं होतं, देव जाणे. आई शाल सारखी करत राहिली.

कार्टूनमध्ये परदेशातली जत्रा होती. आकाशपाळणा, लाकडी घोडे, तंबू. एक कोल्हा बिनतिकिटाचा आत शिरतो आणि फाटकावरचा टोपीवाला बैल त्याच्यामागे धावतो. त्यात कुणीच बोलत नव्हतं, ही उणीव साहेब भरून काढत होते. "आता बघा, कोल्हा पाळण्यावर चढणार. आता पडणार. पडला!" प्रत्येक विनोद पडद्यावर येण्याआधीच त्यांनी मारून टाकला. तरी माणसं हसत होती. साहेब हसले की हसायचं, एवढं शिक्षण कॉलनीला कंपनीने दिलं होतं.

बैल आरशांच्या तंबूत शिरला. समोर तीच टोपी, तीच फुगलेली छाती. कुणी वरिष्ठ आला समजून त्याने सलाम ठोकला. आरशातल्यानेही ठोकला. मग ह्याने आणखी कडक. साहेब समजावून सांगणार, तोच आई मोठ्याने म्हणाली, "अगं बया, ह्यो तर आपला साहेब!" आणि हसत सुटली.

मैदान गार झालं. मग मागच्या रांगांतून कुणीतरी "वहिनी, लाख बोललात!" असं ओरडलं आणि सगळं मैदान हसलं. साहेबांचा आवाज काही पुन्हा आला नाही.

सकाळी काकू दारात. "वर्षाच्या आत असं हसतं का कुणी बाईमाणूस?"

"तुमी न्हाई हसला?"

"आमचं वेगळं."

"व्हय. तुमचा मालक घरात हाय." आईचा आवाज फाटला. "ह्यांनी बघितलं असतं तर लोळले असते हो हसून..." आणि ती दारातच रडायला लागली.

हे मात्र काकूंच्या रीतीत बसत होतं. त्यांनी समाधानाने तिच्या पाठीवर हात ठेवला.