दुसरी किल्ली

कारखान्यात त्याला सगळे बंब म्हणत. तापायला दोन मिनिटं, निवायला अर्धा दिवस. समोर मात्र ‘फोरमनसाहेब’. तोंडावर बंब म्हणायची छाती एकाच माणसाची होती, फिटरची. दोघं बावीस वर्षांपूर्वी एकाच सकाळी कामाला लागले, आणि तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत त्यांचे डबे एकमेकांना चिकटूनच उघडत.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. चाळीस पावलं लांबीचं एक यंत्र. एका टोकाला पुठ्ठा आत जायचा, दुसऱ्या टोकाला घडी पडलेलं खोकं बाहेर यायचं, आणि मधे नुसते रोलर. सहा वर्षांपूर्वी त्या रोलरांनी एका म्हाताऱ्या ऑपरेटरची तीन बोटं घेतली. बंब तेव्हा नुकताच फोरमन झाला होता. साहेबाशी भांडून त्यानं कुलपांचा नियम आणला. यंत्रात हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपल्या नंबराचं लाल कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्याचा बाप आला तरी हात लावायचा नाही. रोज सकाळी तीस माणसांना रांगेत उभं करून तो हे म्हणवून घ्यायचा.

कुलपाबरोबर किल्ल्या दोन येतात. दुसरी किल्ली ज्यानं त्यानं ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चेचायची, असं त्यानंच ठरवलं. एकोणतीस जणांनी चेचल्या. त्यानं आणि फिटरनं मात्र एकमेकांच्या ठेवून घेतल्या. “माझा जीव तुझ्या जुडग्यात,” फिटर म्हणाला होता, आणि दोघं पोरांसारखे हसले होते. आपण नियम मोडला असं दोघांनाही कधी वाटलं नाही. नियम माणसांसाठी असतो, दोस्तीसाठी थोडाच!

घरीही त्याचा एक नियम होता. संध्याकाळी सात वाजता चौघांनी एकत्र बसायचं. आज माझं काय चुकलं, ते प्रत्येकानं देवापुढे बोलायचं आणि मगच प्रार्थना. पोरं लहान होती तेव्हा चुकाही लहान होत्या. पेन्सिल मोडली, दूध सांडलं. आता मुलगी सोळाची आणि मुलगा चौदाचा. दोघं दात आवळून काहीतरी पुटपुटत. “देवापुढे झाकपाक चालायची नाही!” तो गरजायचा. त्याची स्वतःची चूक मात्र वर्षानुवर्षं एकच होती. “आज मी एकावर ओरडलो.”

“एकावरच?” बायको मान खाली घालून विचारायची.

त्या मंगळवारी अकराला यंत्रात डिंक अडकला. फिटरनं सतरा नंबरचं कुलूप लावलं आणि आत शिरला. साडेबाराला साहेब खाली आला. ट्रक दारात उभा होता, आणि ट्रकपेक्षा साहेब जास्त धूर सोडत होता. बंबनं नुकतंच फिटरला नळावर हात धुताना पाहिलं होतं. यंत्राची या बाजूची झाकणं बंद होती, कुलूप तेवढं लटकत होतं. विसरला गाढव, बंबच्या मनात आलं. त्यानं दोन हाका मारल्या. उत्तर नाही. साहेब ट्रककडे वळला होता, बाकीचे डबे उघडायला गेले होते. मग त्यानं खिशातून जुडगा काढला, कुलूप उघडलं आणि बटण दाबलं.

फिटर चष्म्यासाठी पलीकडच्या बाजूनं परत आत गेला होता. तो तिसऱ्या रोलरखाली पालथा पडून चाचपडत होता. रोलरनं बाही धरली, बाहीमागून मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी सोलली. शर्ट जुना होता, टर्रकन फाटला, म्हणून हात राहिला. यंत्र बंद झालं तरी ती किंकाळी छपराखाली घुमत होती.

फिटर बाहेर आला तो पांढराफटक. कोणी काही विचारायच्या आत म्हणाला, “कुलूप मीच काढलं होतं. मग चष्मा आठवला. चूक माझी.”

साहेबानं तसंच लिहून घेतलं. उलट बोलल्याबद्दल फिटरच्या नावावर आधीच दोन नोटिसा होत्या. तिसरी म्हणजे घरचा रस्ता. चौकशी गुरुवारी सकाळी.

बंब मूग गिळून उभा राहिला. एका मिनिटाचं काम होतं. त्या मिनिटात तो बोलला असता तर बोलला असता. नंतरचं प्रत्येक मिनिट आधीच्यापेक्षा जड होत गेलं.

मलमपट्टीच्या खोलीत तो फिटरवरच उखडला. “तुला कोणी सांगितली होती ही हुशारी? मी काय तुझ्या पदराआड लपणारा आहे?”

“आवाज खाली कर. तू गेलास तर साहेबाचा भाचा फोरमन होतो. आठ दिवसांत ही कुलपं भंगारात. मग मोजत बसा कोणाची किती बोटं गेली ते.”

“मला विचारायचंस तरी!”

फिटरनं बँडेजवरून नजर उचलली. “तू मला विचारलंस? कुलूप काढताना?”

बंबनं दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. ते उचलायला तो थांबला नाही.

घरी खबर आधीच पोचली होती. शाळेतून येताना मुलगा सायकलची चेन बसवून घ्यायला फिटरकाकाकडे गेला होता. “केवढं बँडेज! पण काका म्हणतात, चूक त्यांचीच.”

“काका कुलूप विसरणार नाहीत,” मुलगी म्हणाली. तिची नजर टेबलावरच्या जुडग्यावर होती. लहानपणी तिनंच विचारलं होतं, ही छोटी किल्ली कशाची? आणि त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, हा तुझ्या काकाचा जीव.

सात वाजता चौघं बसले. “आज तुम्ही आधी सांगा, बाबा,” ती म्हणाली.

“आज मी,” त्यानं घसा खाकरला, “एकावर ओरडलो.”

ती उठली.

“बस खाली! देवासमोरून उठतेस?”

“देवासमोरून नाही उठत. तुमच्यासमोरून उठतेय.”

तो ओरडला. जे तोंडाला येईल ते बोलला. तुम्हाला वळण लावण्यात माझी हाडं झिजली, असंही म्हणाला. मुलगा भिंतीकडे बघत हळूच पुटपुटला, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान.” पुढचं अर्धं त्यानं गिळलं, पण खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं. बायकोनं कोणाचीच बाजू घेतली नाही. तिनं जुडगा उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

बुधवारी तो कारखान्यात ज्याच्या त्याच्या अंगावर गेला. सकाळच्या रांगेत ‘ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं’ म्हणताना एकोणतीस तोंडं हलत होती आणि त्याला तेवढी फिटरची रिकामी जागा दिसत होती. त्याला साहेबाचा राग येत होता, ट्रकचा येत होता, फिटरच्या मोठ्या मनाचा तर सगळ्यात जास्त. माणसानं आपल्यासाठी एवढं करावं आणि आपण त्याचे आभारही मानू शकू नयेत, याच्यासारखा अपमान नाही.

संध्याकाळी मुलगी बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. त्यानं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. किल्ली, बटण, ते एक मिनिट. बायकोनं डोळे मिटले. मुलगा रडायला लागला आणि रडू येतंय म्हणून चिडला.

मुलगी म्हणाली, “देवाला हे कालपासून ठाऊक आहे. उद्या साहेबांना सांगा.”

“सांगणं सोपं वाटतं तुला?”

“नाही. रोज सात वाजता आम्हाला काय वाटतं, ते मला माहीत आहे.”

गुरुवारी फिटर हात गळ्यात अडकवून चौकशीला आला होता. बंबनं तीस जणांना रांगेत उभं केलं, साहेबाला खाली बोलावलं आणि नियम म्हणवून घेण्याऐवजी सतरा नंबरची किल्ली वर धरली. “कुलूप मी काढलं. या किल्लीनं. ती माझ्याकडे असायलाच नको होती, ती मी सहा वर्षं ठेवली.”

“अरे ए बंबा! अक्कल गहाण टाकलीस काय!” फिटर रांगेतूनच ओरडला, आणि पुढे असं काही बोलला की साहेबानंही कान खाजवला.

फिटरची नोकरी राहिली. खोटं लिहून दिल्याबद्दल पंधरा दिवसांची सक्तीची रजा मिळाली. बंबचं फोरमनपद गेलं. तो त्याच यंत्रावर ऑपरेटर झाला आणि साहेबाचा भाचा फोरमन झाला. फिटरनं सांगितलं होतं तसंच. पहिल्याच दिवशी भाचा म्हणाला, “घाई आहे, आज कुलूप राहू दे.” कोणी वाद घातला नाही. बंबनं मुकाट्यानं आपलं कुलूप लावलं. मागून एकानं लावलं, मग आणखी एकानं. भाचा वर निघून गेला. असा किती दिवस निघून जाईल, कोण जाणे.

रजा संपल्यावर फिटर आला तो थेट त्याच्यासमोर. तळहात पुढे केला. “किल्ली.”

त्यानं दिली. फिटरनं आपल्याजवळची बंबची काढली. दोन्ही ऐरणीवर ठेवून डाव्या हातानं हातोडा घातला. घाव तिरपे बसत होते, तरी मदत घेतली नाही. मग आपला डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. आजही तिथेच बसतो. बंब रोज त्याच्या बाजूला हातभर जागा सोडून बसतो. फिटर उठून जात नाही, एवढंच.

किल्ल्या चेचल्या त्या संध्याकाळी सात वाजता मुलगी आपणहून येऊन बसली. बंबनं आपली चूक सांगितली. “आज मी कोणावरच ओरडलो नाही, कारण ओरडायला मी आता कोणी नाही, आणि याचा मला राग येतोय.”

“आता मी,” ती म्हणाली. “चूक आजची नाही, जुनी आहे. त्या बुधवारी मला वाटत होतं, तुम्ही साहेबांना सांगू नये. तुम्ही खोटे निघाला असतात, तर मला हे सगळं सोडता आलं असतं. ही प्रार्थनासुद्धा. कायमची.”

तो तापला. कानशिलापर्यंत तापला. तोंड उघडलं, शब्द जिभेवर आले. समोर ती ताठ बसली होती, खाली न बघता. हुबेहूब त्याच्यासारखी.

त्यानं तोंड मिटलं. राग होता तिथेच होता.

“पुढे?” मुलगा म्हणाला. “माझी पाळी आहे. आणि माझं आज बरंच चुकलंय.”