खाच दोन मिलिमीटर रुंद झाली

बेस गिटार आपणच बनवायची असं मी ठरवलं, तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि आयुष्यात एकदाही रंधा हातात धरला नव्हता.

नोकरी चंद्रपूरला, जमीन मोजणीच्या कार्यालयात, नकाशे काढायची. राहते बल्लारपूरला. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. वस्तीतल्या विहारात आमचा गाण्यांचा गट आहे, त्यात मी कोरसमध्ये गाते. गटात बेस वाजवणारा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्यासोबत त्याची बेसही गेली. पुढच्या कार्यक्रमात गाणी तीच होती, ढोलकीही तीच, पण गाण्याखालची जमीन कुणी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. चार जाड तारांच्या त्या वाद्याकडे मी तोवर कधी नीट पाहिलंही नव्हतं.

विकत आणता आली असती. पण मोबाइलवर एक माणूस फळीपासून बेस घडवताना पाहिला आणि मनात आलं, हे तर मोजमापाचं काम, हे आपल्याला जमेल. मान, तारा पिळायच्या खुंट्या आणि आवाज पकडणारा पिकअप तयार मागवला. पोटाशी धरायचं अंग तेवढं आपण कापायचं होतं.

आठ दिवस मी फक्त नकाशा काढत बसले. मानेच्या टोकापासून, तारा जिथे अडकवतात त्या खालच्या ब्रिजपर्यंत तार चौतीस इंच, त्यात फरक पडला की सूर चुकणार.

बाबा येताजाता बघत. एकदा म्हणाले, "कागदाचीच बनवून राह्यली का व?"

बाबा कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले. जमिनीखाली, छताला लाकडी टेकू लावायचं काम त्यांचं. टिंबरमन म्हणत. एवढंच मला माहीत होतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून तेवढं लिहिलं की पुरायचं.

लाकूड आणायला ते स्वतःहून आले. आरा मशीनवर मी सागवानाच्या फळीला हात लावला, तर म्हणाले, "हे गळ्यात घालून दोन घंटे उभी राहशीन? खांदा उतरन तुया." मग उकिडवे बसून त्यांनी एकेक तुकडा ठोकून पाहिला. उजव्या हाताने ठोकायचे आणि डाव्या हाताची बोटं फळीवर टेकवून ठेवायचे. शेवटी एक फिकट पिवळसर फळी निवडली. "शिवणीच्या झाडाची हाय. हलकी हाय, अन् फाटत नाई."

आकार कापून झाला. कडा घासून गोल झाल्या. मग मान बसवायची खाच आली. अंगात चार इंच लांब खाच कोरायची, त्यात मान घट्ट बसली पाहिजे, कारण तारांची सगळी ओढ तिथेच येते. रविवारभर मी अंगणात पटाशी आणि हातोडी घेऊन बसले. संध्याकाळी मान बसवून पाहिली तर ती हलत होती. मोजलं. खाच हवी त्यापेक्षा दोन मिलिमीटर रुंद झाली होती.

कार्यालयात मी दुसऱ्यांच्या नकाशातल्या याहून बारीक चुका लाल पेन्सिलीने दाखवते. मला रडू आलं. बाबांनी मान हलवून पाहिली आणि सहज म्हणाले, "पाचर मार. बसते."

"बाबा, ही तुमची खदान नाई," मी म्हटलं. "इथं पाचरी मारून चालत नाई."

ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी मी काम काढलं तरी ते अंगणात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. जेवताना वाढलेलं खायचे आणि उठायचे. चूक माझी होती, खाचेतली आणि बोलण्यातली, पण माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. चौथ्या दिवशी मी खाच कोरलेलं अंग आणि मान घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले आणि विचारलं, "पाचर कशी मारत होते तुमी? सांगा मले."

त्यांनी खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं. मग सांगू लागले. टेकू छतापेक्षा थोडा आखूडच कापायचा, मग वर पाचर ठोकून घट्ट करायचा. आधी छत ठोकून पाहायचं, एक हात छताला लावून. चांगलं असलं तर खणखणीत लागतं. आतून सुटलेलं असलं तर भद्द आवाज येतो आणि हाताखाली थरथरतं.

"एक रोज भद्द वाजलं," ते म्हणाले. "मी सगळ्याईले बाहेर काढलं. पूर्न पाळी काम बंद. साहेब लय बोलला मले."

"मग पडलं का छत?"

"नाई पडलं."

"मग?"

"मग काई नाई. आठ रोज लोकं हासले. तो भाग पुढं बंदच केला त्याईनं. पडलं असतं का नसतं, मले कधी समजलंच नाई."

एवढी वर्षं ते ही गोष्ट मनात ठेवून होते. आपण चुकलो होतो का, हा प्रश्न त्यांना कधी मोजून सोडवता आला नव्हता. मला तर पट्टीवर दोन मिलिमीटर स्पष्ट दिसत होते, आणि मी त्यावरून रडत होते.

त्यांनी शिवणीच्याच उरलेल्या तुकड्यातून तीनेक मिलिमीटर जाडीची पट्टी काढली. मी ती मोजून घासली, सरस लावला, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवली. सकाळी मान बसली ती हललीच नाही.

तारा चढवल्या आणि विहारातला स्पीकर आणून जोडला, तर सुरांआधी गुणगुण ऐकू आली, विजेच्या डीपीजवळ उभं राहिल्यासारखी. तारांना हात लावला तरी ती थांबत नव्हती. दोन दिवसांनी उमगलं, ब्रिजला अर्थिंगची वायर जोडायची राहिली होती. जोडली. गुणगुण गेली. सगळ्यात जाड तार अजून एका जागी खरखरते, ती मी तशीच ठेवली आहे. गटात आता मी गाते कमी, वाजवते जास्त. अजून चार सुरांपलीकडे बोटं धावत नाहीत.

पहिल्यांदा घरी वाजवलं त्या दिवशी बाबा म्हणाले, "बरी वाजते." मग चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तू ऑफिसात नेमकं काय करतं व? बांध सरकला, असं भांडन आलं, तं तुले कसं समजते कोन खरं बोलून राह्यला?"

हे मला घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. मी जुना कागद घेतला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक शेत काढलं आणि त्यांना सांगायला बसले.