पूर्ण नाव सांग

दुष्काळाच्या त्या मे महिन्यात श्रीरामपूरजवळच्या एका शाळेत मुलींचं उन्हाळी शिबिर भरलं होतं. एक परदेशी मॅडम ते चालवत. त्यांच्या हाताखाली इंग्रजी शिकवायला मी भिंगारहून आपण होऊन गेले. वय एकोणीस, इंग्रजी बेताचंच. पण वासरांत लंगडी गाय शहाणी! मॅडम जवळ आल्या की मात्र होतं तेवढंही पळून जायचं. मी त्यांना जाम भ्यायचे.

शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा घेऊन मॅडम एकीला वसतिगृहात फुकट शिकायला ठेवणार होत्या. अट एकच, मुलगी बिनलग्नाची हवी. ती जागा माझ्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थिनीचीच, अशी माझी खात्री होती. आईबाप पाथर्डीकडचे, ऊसतोडीला येऊन बेलापुरात राहिलेले. पोरगी भलती हुशार, नर्स व्हायचं म्हणायची. मधे चार दिवस आली नाही, तर "मामाच्या गावाला गेल्ते" म्हणाली.

परीक्षेत ती फाडफाड बोलली. भावंडं किती, गाव कुठलं, सगळं इंग्रजीत. मग मॅडमनी पूर्ण नाव विचारलं. तिने स्वतःचं सांगितलं आणि थांबली. मॅडमनी पुन्हा विचारलं. तिने मान खाली घातली. तेव्हा मला तिच्या नखांवरची हळद दिसली. त्या चार दिवसांत हिचं लग्न उरकलं होतं. बापाचं नाव लावावं तर ते आता तिचं राहिलं नव्हतं, आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं.

माझ्या हातात हजेरी होती, तिच्यात बापाचं नाव. नुसतं वाचलं असतं तरी भागलं असतं. पण लबाडी उघडी पडली तर? मॅडम मला सगळ्यांदेखत हाकलतील, घरी कळेल. हजेरी छातीशी धरून मी गप्प उभी राहिले. मॅडमनी कागदावर काट मारली आणि दुसरीला बोलावलं.

बाहेर ती माझी वाट बघत होती.

"बाई, तुमाला समजलं हुतं ना?"

"काय गं?" मी म्हणाले.

"काई न्हाई." तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. लग्न झालेल्या मुलीला देतात तो आशीर्वाद माझ्या ओठांवर आला होता. तोही मी भीतीने गिळला.