अर्धी निळी, अर्धी काळी

आखाडा बाळापूरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकून मला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दोन प्रिंटर बाद झाले, पण किस्से काही बाद होत नाहीत. चहाला बसून एक सांगावा तर त्याच्यामागे चार उभे! त्यातले निम्मे आपोआप येणाऱ्या मेलचे. ते माणूस पाठवत नाही, मशीन पाठवतं. नुसता साधा मजकूर आणि खाली हुकूम: "पुढील लिंकवर क्लिक करा." ती लिंक पहिल्या दमात उघडली तर मी पेढे वाटीन!

एक गोष्ट आधीच कबूल करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ईमेल नसतो, म्हणून फॉर्मवर मी माझाच टाकतो. लोकच म्हणतात, "तुमचाच टाका की भाऊ, तुमी काय परके हाव का?" त्यामुळे आसपासच्या गावांचे निरोप माझ्या एकट्याच्या मेलमध्ये येऊन पडतात.

*

आमच्या गिऱ्हाइकातल्या मारोतीकाकांनी शेतात पाणी फवारायच्या तुषार संचासाठी अर्ज केला होता. मेल आला, पण लिंक म्हणजे नुसती काळी अक्षरं. क्लिक केलं तर काही हलेना. आपल्याकडे कागद लागतोच, म्हणून मी प्रिंट काढून दिली. काका ती घेऊन कृषी ऑफिसात गेले.

साहेबांनी विचारलं, "लिंक दाबली का?"

काकांनी कागद टेबलावर ठेवला आणि लिंकवर अंगठा दाबला. "घ्या, तुमच्यासमोर दाबली! शाई पायजे का?"

सगळं ऑफिस हसलं म्हणे. मला हसू आलं नाही. जन्मभर प्रत्येक खिडकीवर ज्याच्याकडून अंगठाच मागितला, तो माणूस दुसरं काय दाबणार?

*

पुढे मेल जरा सुधारले. लिंक निळी यायला लागली, पण अर्धीच! लांबलचक लिंक मध्येच तुटून दुसऱ्या ओळीत जायची. वरचा तुकडा निळा, खालचा काळा. निळा दाबला की "पान सापडले नाही." त्यात शेवटी एक पूर्णविराम चिकटलेला. तोसुद्धा कॉपी झाला की लिंक बाद!

मी हेल्पलाइनला फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, पूर्ण लिंक क्लिक करा."

"मॅडम, अर्धीच निळी आहे!"

"मग सर, जी निळी नाही तीही क्लिक करा."

*

मी लेखी तक्रार केली. दोनच मिनिटांत उत्तर आलं. मी खूश! उघडून बघतो तर: "आपली तक्रार निश्चित करण्यासाठी पुढील लिंकवर क्लिक करा." लिंक दोन ओळींत, अर्धी निळी, अर्धी काळी.

आठवड्याने दुसरा मेल आला: "आपण प्रतिसाद न दिल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. या मेलला उत्तर देऊ नये."

त्या दिवशी मी शटर ओढलं आणि घरी जाऊन जेवलोसुद्धा नाही. बायको म्हणाली, "काहून एवढं मनाला लावून घेता?" मनाला लावून घेऊ नको तर काय करू!

*

आता डोंगरकड्याच्या सुवर्णाचं सांगतो. हुशार पोरगी. नर्सिंगला सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क. नंबर लागला की मेल येणार आणि त्याच दिवशी पाचच्या आत लिंक उघडून सीट पक्की करायची, असा नियम. ईमेल अर्थातच माझा.

त्या दिवशी सकाळी त्याच प्रवेशाच्या साइटचा मेल पुसेगावच्या एका मुलीसाठी आला. पहिल्यांदा अर्धीच लिंक उघडली, दुसऱ्यांदा पूर्णविराम राहिला, तिसऱ्यांदा जमलं. तिची सीट पक्की झाली.

सुवर्णाचा मेल आला साडेचारला. ती आणि तिची आई सकाळपासून माझ्या बाकावर बसून होत्या. मी दोन्ही तुकडे जोडले, पण घाईत पूर्णविराम काढायचा विसरलो. "अवैध लिंक." लगेच काढला, नीट जोडून पुन्हा टाकली, आणि लाल अक्षरं आली: "या ईमेलवरून आज तीन चुकीचे प्रयत्न झाले आहेत. कृपया एक तास थांबा."

सकाळच्या दोन चुका दुसऱ्या मुलीच्या, आणि मोजल्या हिच्या नावावर! कारण ईमेल एकच. माझा.

हेल्पलाइनवर गाणं वाजत राहिलं. पाच वाजले. सुवर्णाची आई मला म्हणाली, "भाऊ, आता पुढं काय दाबायचं?" मशीनचा राग आलाच, पण त्या दिवशी स्वतःचा जास्त आला. लिंक तोडली त्यांनी, पण सगळ्यांची दारं एकाच किल्लीला बांधली मी.

*

तिसऱ्या दिवशी मेल आला. "प्रिय अर्जदार, आपण सीट नाकारल्याचे आढळले. कारण कळवण्यासाठी पुढील लिंकवर क्लिक करा."

ही लिंक एका ओळीत होती. सगळीच्या सगळी निळी! पूर्णविराम नाही, तुकडा नाही. एका टिचकीत उघडली.

मी दोघी मायलेकींना बोलावून घेतलं. सुवर्णा माझ्या खुर्चीवर बसली. पडद्यावर कारणं होती: विवाह. आवड नाही. घरगुती अडचण. इतर.

तिने "इतर" निवडलं. खाली चौकट उघडली. मग तिने माझ्याकडून तो साडेचारचा मेल मागून घेतला आणि त्यात बघून एकेक अक्षर टाइप करू लागली. पहिली ओळ संपली तिथे एंटर मारलं. दुसरी ओळ लिहिली. शेवटी पूर्णविराम दिला आणि पाठवून दिलं.

आईने विचारलं, "काय लिवलं गं?"

"त्यांचीच लिंक हाय, आई. दाबू दे म्हणावं त्यान्ला!"