तटस्थ वाडीची फौज

शहरातल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागतं. आमच्या वाडीत फौजेतून पेन्शनीत निघालेली माणसं भरपूर आणि त्यांना काडीचं काम नाही, त्यामुळे इथे किस्से उकिरड्यासारखे वाढतात. रोज थोडं थोडं पडतं, कुणी उचलत नाही. मी साताऱ्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून घरी बसलेलो, म्हणून ते सगळे माझ्याच नाकासमोर साठले. माझ्या वयाची बाकीची पोरं नशिबाची. ती खऱ्या पलटणीत गेली!

आधी जागा सांगतो, म्हणजे गोंधळ कमी होईल. पूर्ण जाणार नाही. माझाही अजून गेलेला नाही.

वरचं गाव सातारा जिल्ह्यात, खालचं गाव सांगली जिल्ह्यात आणि मधे आमची वाडी. दुष्काळ सरल्यानंतरच्या यात्रेत देवीपुढे पालखी कुणाची आधी, यावरून वरचे आणि खालचे काठ्या घेऊन भिडले. डोकी फुटली. साताऱ्याचा फौजदार म्हणाला, हे प्रकरण सांगलीचं. सांगलीचा म्हणाला, साताऱ्याचं. आणि दोन्ही गावांना जोडणारा रस्ता नेमका आमच्या मारुतीच्या देवळापुढून!

माझी थोरली बहीण, अक्का, वरच्या गावात दिलेली. दाजी फौजेत, आसामकडे. अक्काला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून आई रोज एकच विचारायची, "पोरीला कवा आणायचं?" तिला कुणी उत्तर देत नव्हतं. वाडीचं परराष्ट्र धोरण ठरायचं होतं ना!

* * *

धोरण ठरवणारा माणूस म्हणजे आबा. मोठ्या लढाईत आबा इटलीत पकडला गेला, कैदेतून पळाला, बर्फाचा डोंगर चढून पलीकडे उतरला आणि थेट स्वित्झर्लंडात पोचला. लढाई संपेपर्यंत त्या लोकांनी त्याला ठेवून घेतलं. चीज खाल्लं, गाई राखल्या, परत आला. फौजेत आबा नाईकच्या वर कधी गेला नाही, पण परदेशी धोरणात त्याच्या वर जिल्ह्यात कोणी नव्हतं.

"लय बारका देश," आबा सांगायचा. "चारी अंगाला लढाई, मधी ह्यो गप. घराघरात बंदूक, गड्या! दूध घालणारा कॅप्टन, पाव भाजणारा मेजर. वर्षाकाठी थोडे दिवस पलटणीत, बाकी आपल्या धंद्याला. आन तरी एक गोळी सुटली न्हाई!"

मी विचारलं, "आवं आबा, मग घराघरात बंदूक कशाला?"

"सुटू नये म्हणून!"

यावर देवळात टाळ्या पडल्या. मी कॉलेज सोडलं ते वर्गात असलीच उत्तरं मिळायची म्हणून!

* * *

वाडी तटस्थ राहणार असा ठराव झाला. एकमताने. ठराव झाल्यावर आमचे वडील उठले. त्यांना सगळी वाडी अण्णा म्हणते; सुभेदार होऊन निवृत्त झालेले, मिशीला अजून रोज तेल. त्यांनी विचारलं, "तटस्थ म्हंजे दोगांशी बोलायचं, का दोगांशी बी न्हाई बोलायचं?"

सभेत फाटाफूट झाली. निम्मे म्हणाले बोलायचं, निम्मे म्हणाले नाही. आबा निर्णय देईना. म्हणाला, "मला तितली भाषा येत नव्हती, म्हणून मी कुणाशीच बोललो न्हाई. आन तटस्थ ऱ्हायलो!"

शेवटी दोन्ही गावांत दवंडी पाठवली की वाडी आजपासून कुणाच्याही बाजूला नाही. वरच्या गावचा निरोप संध्याकाळी आला, "तुमाला इचारलं कुणी?" खालच्या गावचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. तोही तोच!

आबा खूश. "बगा! दोन्ही गावांचं पहिल्यांदा एकमत झालं!"

* * *

मग फौज उभी करायची ठरली. तटस्थ देशाला फौज लागते, कारण आबाने पाहिली होती.

भरतीला एक दिवस पुरला. अण्णा सुभेदार, ते सरसेनापती. हवालदार नाना, ते शिस्त बघणार. एक जमादार, दोन हवालदार, एक क्वार्टरमास्टर. खरा हुद्दा कुणी सोडायला तयार नाही, उलट तटस्थ देशात एक हुद्दा वर मिळावा अशी मागणी. आबाचा हुद्दा लहान, पण अक्कल त्याची, म्हणून त्याला डिफेन्स मिनिस्टर केलं. झाली फौज. जवान कुठंय?

वाडीतली तरणी पोरं सगळी सरहद्दीवर. उरलो मी.

"कॉलेजात तरी काय दिवं लावलंस?" अण्णा म्हणाले. "हितं लाव."

देवळापुढे पहिली परेड. सहा जण हुकूम देणारे, एक जण ऐकणारा. अण्णा ओरडले, "दहिने मुड!" नाना ओरडले, "बाएँ मुड!" जमादार म्हणाले, "तेज चल!" कुठे चल? मी खाली बसलो.

अण्णांच्या मिशा थरथरल्या. "कुनाच्या हुकमानं बसलास रं?"

म्हटलं, "जो बोलला न्हाई, त्याच्या!"

सगळ्यांनी आबाकडे पाहिलं. आबाने मान हलवली. "बराबर हाय. मी मनात म्हटलं हुतं."

* * *

दोन्ही सरहद्दींवर, म्हणजे वाडीच्या दोन्ही टोकांना, रस्त्यात रेल्वे फाटकासारखा आडवा बांबू टाकला. बांबूच्या बुडाला मोठा दगड बांधलेला, शेंड्याला दोर. दोर ओढून धरला की रस्ता बंद, सोडला की दगडाच्या वजनाने बांबू आपोआप वर. पहारा करायला जवान एक आणि टोकं दोन, त्यामुळे मी सकाळी वरच्या टोकाला आणि दुपारी खालच्या. उरलेल्या वेळात बांबू वरच असायचा. शत्रूने ती वेळ पाळावी अशी अपेक्षा!

नियम असा की लढणाऱ्या गावातलं कुणीही वाडीतून गेलं तर हत्यार जमा करायचं. आबानेही स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर सगळं जमा केलं होतं. पण इथे हत्यार म्हणजे काय? ऊसतोडीचा कोयता हत्यार. कुऱ्हाड हत्यार. बायांचे विळे? यावर दुपारभर चर्चा झाली आणि विळाही हत्यार ठरला. देवळात ढीग लागला. विळे, कोयते, खुरपी, एका म्हाताऱ्याची काठीसुद्धा. तो बिचारा घरी रांगत गेला नसेल एवढंच!

दोन्ही गावांत जनावरांना वैरण कापायला विळा राहिला नाही. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया एकदमच आल्या. ढीग उपसायला लागल्या. विळे अदलाबदल झाले, एकीचा धारेचा दुसरीच्या हातात.

"मुडद्यांनो!" वरच्या गावची एक बाई कडाडली. "पेन्शन खाऊन चरबी चढली व्हय?"

"चांगलं खडसाव त्यांना, बाई!" खालच्या गावची म्हणाली. यात्रेत ह्याच दोघींच्या नवऱ्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती. आता दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या, हातात विळे, आणि आमची अख्खी फौज गाभाऱ्यात मारुतीच्या मागे!

आबा तिथून कुजबुजला, "बगितलंसा? झाला का न्हाई तह?"

* * *

मधे सांगलीहून एका निवृत्त कॅप्टनसाहेबांना सल्ला द्यायला आणलं. खरा ऑफिसर. आल्या आल्या ते म्हणाले, "छोट्या देशाला फौजेपेक्षा शेजारी महत्त्वाचे. बांबू काढा." शहाणा माणूस. पण मग जेवणाचा प्रश्न आला.

पाहुण्याने एकाच घरी जेवणं म्हणजे पक्षपात! त्यामुळे त्यांना प्रत्येक हुद्देदाराच्या घरी मटण खावं लागलं. जमादारांच्या ओसरीवर पोचेपर्यंत साहेबांचा रंग उतरला होता. नानांनी विचारलं, "साहेब, फौजेत वाढ करावी का?"

साहेबांनी ताटावर हात आडवा धरला. "आता काहीही वाढू नका!"

परत आले नाहीत. बांबू राहिला. सल्ला मात्र मानला, फौज वाढवली नाही. जवान मी एकटाच!

* * *

तोवर अक्काला आठवा सरत आला. आई देवळात आली. बायका सभेत येत नाहीत, ही आली. "माझी पोर कवा आणायची ते सांगा. न्हाईतर मी जाते आणाय."

अण्णा तिच्याकडे बघेनात. चाळीस माणसांच्या तुकडीला हुकूम देणारा माणूस, घरच्या बाईपुढे देवळाची फरशी मोजत बसला. बोलला आबा. "वैनी, एका बाजूची लेक आणली तर ती बाजू घेतल्यागत हुतंय. खालच्या गावात दिलेली बी एक लेक आणाय पायजे. म्हंजे काटा मधी."

खालच्या गावात दिलेली लेक म्हणजे हवालदार नानांची हौसा. तिला ना दिवस गेलेले, ना सण. तरी नाना गेले आणि तिला घेऊन आले. सासूने विचारलं, "का नेताय?" नाना म्हणाले, "पॉलिसी हाय!"

लेक अचानक माहेरी नेली आणि बाप कारण सांगत नाही. खालच्या गावाने ओळखायचं ते ओळखलं. हौसाच्या सासूने पेढे वाटले. हौसाचा नवरा सायकल हाणत वाडीत आला, पिशवीत बुंदी, डोळ्यात पाणी.

"मला कसं सांगितलं न्हाईस गं?"

हौसा म्हणाली, "मला तरी कुठं सांगितलंय?"

मग त्याला खरं कळलं. बुंदी नानांच्या अंगणात उधळली आणि हौसाला सायकलवर मागे बसवून घेऊन गेला. काटा एका बाजूला झुकला. त्याच संध्याकाळी फौजेने ठरवलं: हौसा परत गेली, सबब अक्काला आणायची परवानगी रद्द!

आई त्या दिवशी जेवली नाही. अण्णा जेवले. मी पाहत होतो.

* * *

नववा लागला आणि वरच्या गावातून निरोप आला, अक्काचे पाय सुजलेत, सासू थकलेली, सुईण आजारी. आईने माझ्यापुढे बैलांचा कासरा टाकला. "जा." एवढंच. कुठलाही हुद्दा नसलेल्या माणसाने वाडीत दिलेला हा पहिला समजेल असा हुकूम!

मी पहाऱ्यावरून उठलो, गाडी जुंपली, गेलो. गाडीत पेंढा, त्यावर वाकळ, वाकळीवर अक्का. परत येताना उन्हं चढलेली. खाचखळग्यात अक्का दात आवळायची आणि मला शिव्या द्यायची. "सावकाश रं! अण्णाच्या फौजेत असंच हाकतात व्हय?"

वाडीच्या टोकाला आलो तर बांबू आडवा. दोर धरून खुद्द आबा. मागे रांगेत अण्णा, नाना, जमादार, सगळे हुद्दे.

"बांबू उचला," मी म्हटलं.

"बांबू उचलणं जवानाचं काम," नाना म्हणाले. "जवान कुठं हाय?"

"ह्यो काय! गाडी हाकतोय!"

"म्हंजे पहारा सोडून गेलास. आदी त्याची चौकशी."

अण्णांनी गाडीकडे पाहिलं, मग नानांकडे, मग पुन्हा गाडीकडे. मिशीवरचं तेल उन्हात चमकत होतं. नाना म्हणाले, तुमची पोर म्हणून सोडली तर माझी हौसा काय वाईट होती? जमादार म्हणाले, गाडी परत फिरवा. क्वार्टरमास्टर म्हणाले, बैल वाडीचे हायत, बैल आत येऊ द्या, गाडी तितंच ऱ्हाऊ दे. अक्काने कण्हून वाकळ मुठीत धरली.

"वाडीत कळ काढाय जागा न्हाई व्हय, अण्णा?"

आबा पुढे झाला. त्याचा आवाज एकदम सरकारी. "पोरी, रागावू नगंस. ह्यो नियम हाय. वाडीत येणाऱ्यानं आदी सांगाय लागतंय, तू कुनाच्या बाजूची? वरच्या, का खालच्या?"

अक्का कोपरावर उठली. घामाने केस कपाळाला चिकटलेले.

"मी कुनाचीच न्हाई. बाजू इचारायची तर आत बसलंय त्याला इचारा. मुक्काम त्याचा हाय, मी नुसती गाडी!"

हुद्देवाले एकमेकांकडे बघायला लागले. आबा मात्र विचारात पडला. माणूस पुरा नियमाचा! त्याने डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. हातातला दोर तसाच धरून गाडीच्या साट्याजवळ आला. कमरेतून वाकला. एक हात साट्याच्या फळीवर टेकवला, दुसरा कानामागे धरला, आणि अक्काच्या पोटाकडे तोंड करून अगदी अदबीने म्हणाला, "पाव्हणं, कुनीकडचं?"

दोन्ही हात गुंतले, तसा दोर सुटला. दगड खाली बसला, बांबू वर गेला. बैलांना घराचा वास आलेला. त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही.

गाडी देवळापुढून वळली तेव्हा मी मागे पाहिलं. सगळी फौज बाजूला झालेली, अण्णा टोपी हातात घेऊन गाडीमागे पळत येत होते, आणि रस्त्याच्या मधोमध आबा तसाच वाकलेला, कानामागे हात धरून, उत्तराची वाट बघत!